भिंत येईपर्यंत

आधीच सांगते, मी खेळाची बाई आहे आणि माझा आवाज मोठा आहे. मुलं माझ्यामागे मला शिट्टीबाई म्हणतात. मला ते ठाऊक नाही असं त्यांना वाटतं.

तर झालं असं, की गणिताचे सर दोन कागद फडकावत मोठ्या बाईंच्या खोलीत शिरले. मुलांना कोडिंग शिकवायच्या फुकट वेबसाइटींची यादी! "धडे फुकट, खेळ फुकट, छापायचे तक्तेसुद्धा फुकट," सर म्हणाले. "आपल्याला फक्त आठवड्यातून एक तास हवा." आणि तो तास कुठला? शुक्रवारचा शेवटचा. माझा, खेळाचा. जगाचं सगळं फुकट, आणि पाय माझ्या पोटावर!

डोकं असं सणकलं म्हणता! शाळेत संगणक चार. त्यातला एक चालतो, तोही त्याच्या मनात आलं तर. त्याच्यापुढे चाळीस पोरं काय रांगेत जांभया देणार? आठवडाभर बाकांवर कोंबलेली पोरं त्या एका तासात माणसांत येतात. तो तास मी कुणाच्या बापाला देणार नव्हते.

तीच यादी मी घरी नेली आणि चष्मा लावून बसले. दुसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ सापडली: संगणकाशिवाय कोडिंग. एकानं यंत्र व्हायचं, बाकीच्यांनी त्याला कागदावर हुकूम लिहून द्यायचे. यंत्र लिहिलंय तेवढंच करणार, स्वतःचं डोकं लावणार नाही. अहो, मी पंधरा वर्षं दुसरं काय करतेय? डावीकडे वळ, चार पावलं पुढे, थांब!

मोठ्या बाईंपुढे जाऊन उभी राहिले. "हे मी मैदानावर शिकवते. तास माझ्याकडेच राहू द्या."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "एक शुक्रवार देते. पटलं तर ठीक, नाहीतर तास सरांचा."

शुक्रवारी सगळा वर्ग मैदानातल्या खांबापाशी जमला. हुकूम भिंगरीनं लिहिले होते. एका जागी दोन मिनिटं ठरत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणतात. 'भिंत येईपर्यंत सरळ चाल. मग डावीकडे वळ.' सराव चोख झाला होता.

"यंत्र कोण होणार?" मी विचारलं.

"मी," मोठ्या बाई म्हणाल्या. वर त्यांनी माझ्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली. "यंत्राला शिट्टी कळत नाही. कागदावर असेल तेवढंच."

निघाल्या. पाठ ताठ, नजर समोर. आता समोरच्या भिंतीत आहे फाटक, आणि माझ्या तासाला ते कायम बंद असतं. पण नेमका आजच सरांचा दुसरा संगणक दुरुस्त होऊन आला होता, म्हणून शिपाईमामांनी ते सताड उघडलं होतं. मोठ्या बाई संगणकाच्या खोक्याला घासून थेट फुटपाथवर!

"अहो बाई, थांबा!" मी बोंबलले. कशाच्या थांबतात! कागदावर होतं का तसं?

"गेला तुमचा तास," खोक्यापाशी उभे असलेले सर हात बांधून म्हणाले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता मेल्याच्या.

मी धावले, चाळीस पोरं धावली. पुढे बेकरी, मग न्हाव्याचं दुकान, मग मोठा रस्ता. मोठ्या बाई रस्त्याला थांबतील असं मला वाटत होतं, पण त्यांच्या हट्टाचा नेम नाही. शिट्टी असती तर फुंकून मोकळी झाले असते. नव्हती. "लिही गं, लवकर लिही!"

भिंगरीनं एकाच्या पाठीवर कागद टेकवला.

"बेकरी आली की थांबा, असं लिही!"

"बेकरी मागे गेली, शहाण्या!"

"मग फाटक आलं तर थांबा?"

"तेही मागेच गेलंय ना!"

भिंगरी ओरडली, "गप्प बसा सगळे!" तिनं दोन ओळी खरडल्या, सुसाट पळाली आणि न्हाव्याच्या दारात मोठ्या बाईंच्या नाकासमोर कागद धरला. 'आता थांबा. मागे वळा. खांबापर्यंत परत या.'

मोठ्या बाई थांबल्या. न्हाव्याचा वस्तरा हवेत, गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण. बाई वळल्या आणि तशाच ताठ मानेनं परत आल्या. खांबापाशी पोचतात तोवर पोरांनी जुन्या कागदात भर घातलीसुद्धा: 'उघडं फाटक आलं तरी थांबा.' मी सांगितलं नव्हतं. शपथ घेते.

"झाला ना गोंधळ?" सर पुढे आले. "मग आता तास..."

मोठ्या बाईंनी हात वर केला आणि शिट्टी माझ्या गळ्यात घातली. "एकोणीस वर्षं झाली मला या खुर्चीत," त्या हळूच म्हणाल्या. "मी चुकीच्या वाटेनं निघाले म्हणून माझ्यामागे धावत आलेलं आजवर कुणी नव्हतं. तास तुमचाच."

माझे डोळे भरून आले. पोरांना दिसू नये म्हणून मी उगाच शिट्टी फुंकली.

"पुढच्या शुक्रवारी यंत्र सर होतील," मोठ्या बाई जाता जाता म्हणाल्या. "आणि शिपाईमामा, फाटक उघडंच राहू द्या."