घोलवडच्या ओहोटीतली दुर्बीण

माझ्या उजव्या नळीवर, डोळा लावतात तिथे, एक अरुंद कडं आहे; उजव्या डोळ्याला धूसर दिसलं तर ते फिरवून चित्र स्पष्ट करायचं. कड्यावर शून्याची पांढरी खूण आणि तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बारीक रेघा आहेत. १९८४ साली हे कडं शून्यावर होतं. १९८७च्या हिवाळ्यात ते उणे बाजूच्या पहिल्या रेघेवर सरकलं. पुढच्या वर्षअखेर ते तिसऱ्या रेघेपाशी जाऊन अडलं. त्यापुढे फिरायला जागाच नव्हती.

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे, दूरची वस्तू आठपट मोठी दाखवणारी. एका कारखान्यात माझी भिंगं घासली गेली आणि माझ्या पोटात काचेचे चार लोलक बसवले गेले. काही वर्षं मी एका दुकानाच्या काचेआड पडून होते. तिथून मला प्रमिलाबाईंनी घेतलं. प्रमिलाबाई नशिराबादच्या. जळगावच्या एका शाळेत त्या विज्ञान शिकवत आणि थोरल्या भावाकडे, भिकनभाऊंकडे राहत.

दर रविवारी आम्ही हतनूर धरणाच्या काठावर जात असू. बाई चपला आणि पिशवी पाण्याच्या कडेला ठेवायच्या आणि चक्रवाक, थापट्या बदकं, बगळे मोजायच्या. दोनदा मोजल्याशिवाय आकडा वहीत लिहायच्या नाहीत. शाळेतल्या मुली मला हातात घ्यायला रांग लावत. ते माझे चांगले दिवस होते.

मग बाईंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढू लागला. त्या माझं कडं फिरवत राहिल्या. ते अडलं तेव्हा उजवा डोळा मिटून फक्त डाव्या नळीतून पाहू लागल्या. शेवटी मला कपाटात ठेवलं. दोन पावसाळे मी तिथेच होते. माझ्या भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मोतीबिंदू पिकलाय. आणखी थांबलात तर आतला दाब वाढेल आणि नजर कायमची जाईल." पण बाईंच्या आईचा, भागाबाईंचा, एक डोळा ऑपरेशननंतर गेला होता. एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये, असं बाई वर्गात शिकवत. स्वतःच्या डोळ्याच्या बाबतीत मात्र ती एकच नोंद त्यांना पुरेशी झाली होती. दोन वर्षं त्या डॉक्टरांकडे गेल्या नाहीत.

१९९१च्या जानेवारीत त्यांनी एकटीनं समुद्रावर जायचं ठरवलं. किनाऱ्यावरचे पक्षी त्यांनी कधीच पाहिले नव्हते. त्यासाठी मला कपाटातून काढून घड्याळं दुरुस्त करणाऱ्या तोतारामकडे नेलं. त्यानं मला खोललं, पुसलं आणि म्हणाला, "बाई, अजून एक पावसाळा गेला असता ना, तर काचच खाऊन टाकली असती बुरशीनं."

घरी भिकनभाऊ हे ऐकून हसले.

"दुर्बिणीची भिंगं साफ झाली. मालकिणीची कधी?"

"आधी समुद्र पाहून येते. मग बघू."

"मग बघू, मग बघू. काल दोरीवरच्या माझ्या सदऱ्याला विचारत होतीस, भाऊ, चहा घेतोस का."

"तो तुझ्यापेक्षा कमी बोलतो," बाई म्हणाल्या आणि दशम्या बांधू लागल्या.

सुरतेपर्यंत एक गाडी, तिथून दुसरी. सकाळी आम्ही घोलवडला उतरलो. किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली वच्छलाबाईंची चहाची टपरी होती. जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या, साठीच्या बाई. खानदेशातल्याच साक्रीकडून चिकूच्या वाडीत कामाला आल्या आणि इथेच राहिल्या.

"तुनं गाव कोनतं वं, बाई?"

"नशिराबाद."

"मंग आपलंच शे की." त्यांनी चहात थोडं दूध जास्त घातलं.

समुद्र तेव्हा ओहोटीला अर्धा किलोमीटर मागे गेला होता. ओल्या वाळूवर चिखल्या नावाचे छोटे पक्षी धावत होते आणि पलीकडे कुरव पक्ष्यांचा थवा बसला होता. बाईंनी चपला, पिशवी आणि पिशवीतली दशमी पाण्याजवळच्या एका खडकावर ठेवली. हतनूरला ठेवत, तशीच. मित्रांनो, आमच्या खानदेशात धरणाचं पाणी उतरायला महिने लागतात. सकाळी जिथे काठ असतो, तिथेच तो संध्याकाळी असतो. भरतीबद्दल बाईंनी वर्गात कितीदा तरी शिकवलं होतं. पण पायांना सवय धरणाची होती.

लांब, लाल चोचीचा एक काळा-पांढरा पक्षी शिंपले फोडत होता. बाई त्याच्या मागे मागे गेल्या. उजवा डोळा मिटलेला, डावा माझ्या नळीला. वाटेत दिसतील ते पक्षी त्या पुटपुटत मोजत होत्या, "अकरा... बारा..." उजव्या बाजूला वाळूत एक सखल पट्टा होता. त्यातून पाणी आत शिरत होतं आणि आमच्या मागून वळून किनाऱ्याची वाट अडवत होतं. हे मलाही नंतरच कळलं, कारण बाई दाखवतील तेवढंच मला दिसतं. त्यांना ती बाजू दिसतच नव्हती.

"ओ बाई, मांगे देख! पानी ई राह्यनं!"

किनाऱ्यावरून वच्छलाबाई पदर हलवत होत्या. बाई वळल्या. खडक पाण्याखाली गेला होता. पट्ट्यातलं पाणी किती खोल आहे, याचा अंदाज एका डोळ्यानं येईना. पहिल्या पावलाला गुडघा बुडाला, चौथ्याला कंबर. बाईंनी मला दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. एक लाट तरीही माझ्यावरून गेली. पण त्यांनी मला सोडलं नाही.

काठावर आल्यावर वच्छलाबाईंनी त्यांना गोधडी दिली, चूल पेटवली आणि मग रागवायला सुरुवात केली.

"हाऊ काय गावना तलाव शे का? हाऊ दर्या शे, दिवसमा दोनदा येस. माले इथून दिसनं, आन् तुले तठे उभी राहीसन दिसनं नही?"

बाईंनी हळूच डोळ्याचं सांगितलं. आईचंही सांगितलं.

"माले बी भ्याव वाटे. तरी दोन्ही डोयासनं आपरेशन करं. पट्टी सोडी तं पहिले दिसनं मन्ही सासूनं तोंड," वच्छलाबाई म्हणाल्या. "तरी बी बरं वाटनं."

बाई हसल्या. थोड्या वेळानं त्यांनी हंड्यातलं गोडं पाणी मागून घेतलं, फडकं भिजवून पिळलं आणि माझ्या अंगावरचं मीठ पुसून काढलं. कडं, सांधे, भिंगांच्या कडा, काहीही सुटलं नाही. चपला आणि पिशवी गेली होती. पैसे कमरेला होते म्हणून वाचले. परत येताना वच्छलाबाईंच्या जुन्या चपला बाईंच्या पायात होत्या.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंचं मागणं फार मोठं नसतं. आम्हाला वापरा, पुसा, आणि काही बिघडलेलं दिसलं की वेळेवर दाखवा. कपाटात ठेवलं म्हणून बुरशी थांबत नाही, हे मी माझ्या अंगावर पाहिलं आहे. तुमच्या हातापायांची, डोळ्यांचीही तितकीच काळजी घ्या.

दुसऱ्या दिवशी जळगाव स्टेशनवर भिकनभाऊ आले होते. त्यांनी आधी बहिणीच्या पायांकडे पाहिलं.

"या कुणाच्या चपला? पिशवी कुठंय? आणि पक्षी किती दिसले?"

"उजवीकडचे एकही नाही," बाई म्हणाल्या. मला त्यांनी छातीशी नीट धरलं. "भाऊ, घरी नको. आधी डॉक्टरांकडे चल. या आठवड्यातली तारीख घ्यायची आहे. मी डोळ्याचं ऑपरेशन करून घेणार."