एका रेघेचा फरक

माझ्या पाटावर कुणीच उभं नसतं, तेव्हाही माझी दांडी शून्यावर सरळ होत नाही. ती एक रेघ पुढे सरळ होते. ती रेघ म्हणजे शंभर ग्रॅम. सिस्टर रोज तेवढे वजा करतात आणि आजवर एकदाही विसरलेल्या नाहीत.

मित्रांनो, मी रुग्णालयातल्या मुलांच्या विभागातला एक जुना वजनकाटा आहे. कारखान्यात मला ओतलं, घासलं, हिरवा रंग दिला. मी इथे आलो तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले होते, "काटा चोख आहे." पुढे आकडे उजळणारा नवा काटा आला आणि मी कोपऱ्यात गेलो. पण चुळबुळणाऱ्या मुलांपुढे त्याचे आकडे थांबेनात, म्हणून मला परत बाहेर काढलं. इथे रक्ताच्या कर्करोगाची मुलं येतात. औषधाची मात्रा वजन-उंचीवरून ठरते, त्यामुळे प्रत्येक मूल आधी माझ्यावर उभं राहतं.

त्यांतली एक मुलगी पहिल्यांदा चढली तेव्हा अठरा किलो चारशे भरली. वय सात. एका जागी ठरत नसे, म्हणून सिस्टरनी तिचं नाव मुंगी ठेवलं. चौथ्या आठवड्यात गोळ्यांनी तिची भूक खवळली, गाल फुगले आणि वजन एकवीस किलोवर गेलं.

"अगं, मुंगीचा डोंगळा झाला की," सिस्टर म्हणाल्या.

"डोंगळा चावतो हं," ती म्हणाली.

महिना संपला तेव्हा डॉक्टर माझ्या शेजारीच उभे होते. "रक्तात आता आजार दिसत नाही," ते म्हणाले. "पण औषधं अजून दोन वर्षं घ्यायची. तारीख चुकवू नका."

वडिलांनी तिथूनच घरी फोन लावला. "आजार नाही म्हणाले," ते सांगत होते.

'दिसत' हा शब्द मधेच गळला. माझी चूक एका रेघेची आहे आणि ती इथे सगळ्यांना ठाऊक आहे. ही चूक एका शब्दाची होती. आईने तेवढं मान वर करून वडिलांकडे पाहिलं.

तीन महिने ती येत राहिली. डोक्यावर बारीक लव दिसू लागली. मग येणं थांबलं. सिस्टर फोन करायच्या. पलीकडून वडील म्हणायचे, "शाळा सुरू झालीय, पोरगी छान पळतेय. येतो पुढच्या आठवड्यात." पुढे पुढे फोन उचलेनासे झाले. तिची फाइल सिस्टरनी कपाटात ठेवली नाही, टेबलावरच राहू दिली.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असं औषध घेत असेल, तर केस आले, पळायला लागलं, एवढ्यावर थांबू नका. जे दिसत नाही ते माझ्या दांडीलाही कळत नाही. तारीख आली की या. मला दुसरं काही मागता येत नाही.

आठ महिन्यांनी ते आले. मुंगी आईच्या कडेवर होती. आजार उलटला होता. डॉक्टर म्हणाले, उपचार पुन्हा सुरू करता येतील, पण या वेळी बरं होण्याची शक्यता फार थोडी आहे. "विचार करून सांगतो," असं वडील तीन दिवस म्हणत राहिले.

चौथ्या दिवशी सकाळी सिस्टरनी वजनाला बोलावलं. उभं न राहणाऱ्या मुलाला घेऊन आई चढते, मग एकटी चढते, आणि फरक लिहिला जातो. आई तिला घेऊन चढली. त्रेपन्न किलो दोनशे.

"आता हिला बाबांकडे द्या ताई, आणि तुम्ही एकट्या चढा."

आई जागची हलली नाही.

"सिस्टर, मी मुंगी की डोंगळा?" मुलीने खांद्यावरूनच विचारलं.

"मुंगीच गं."

वडिलांनी हात पुढे केले. आईने तिला दिलं नाही.

"राहू द्या सिस्टर," ती म्हणाली. "औषध द्यायचंच नाही, तर वजन कशाला? आम्ही हिला घरी नेतो."