वहिनीच्या कॉम्प्युटरचा कूलर

कॉम्प्युटर सलग तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा तिने संतापाने माउस टेबलावर आपटला. इमारत उभी राहण्याआधी ती आतून कशी दिसेल, याची फिल्म ती घरी बसून आर्किटेक्टना करून द्यायची. हातातली फिल्म उद्या सकाळी दहाला द्यायची होती. आर्किटेक्ट दोनदा थांबला होता. आता उशीर झाला तर काम दुसऱ्याला देईन, असं त्याने स्वच्छ सांगितलं होतं.

"प्रोसेसर तापतोय, वहिनी. मोठा कूलर लागेल," धाकटा दीर म्हणाला आणि तिच्याआधी चपला घालून दारात उभा राहिला.

कॉम्प्युटरच्या दुकानात दुकानदाराने तिच्याकडे ढुंकूनही न बघता दिराला विचारलं, "प्रोसेसरचा स्पीड किती ठेवलाय?"

"पाच पॉइंट दोन. मुळात चार पॉइंट चार होता, मी वाढवला. मित्रांमध्ये कुणाचाच इतका नाही."

तिला हे आत्ता, इथे, परक्या माणसासमोर कळत होतं. मशीन जुनं झालं म्हणून दीड महिना ती नशिबाला बोल लावत बसली होती.

"आणि टेस्ट केली होतीस?" दुकानदाराने विचारलं.

"दोन तास. काही झालं नाही."

"कशी केलीस?"

"बाजूचं झाकण काढून," तो जरा दबकत म्हणाला. "आईचा टेबलफॅन समोर लावून."

दुकानदार खोकला. मग त्याने काउंटरवर दोन पंख्यांचं, रंगीत दिव्यांचं कूलरचं एक धूड आणून ठेवलं. दिराचे डोळे चमकले. तिने खोक्यावरची उंची वाचली.

"एकशे अडुसष्ट मिलिमीटर. माझ्या कॅबिनेटमध्ये एकशे साठ मावतं, मी मोजून आलेय. झाकण लागणार नाही."

"मग झाकण काढूनच ठेवू."

उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच. "स्पीड खाली आणते आणि जुन्या कूलरवरच चालवते," ती म्हणाली.

दीर टाइल्सकडे बघू लागला. "त्याची एक खुंटी तुटली माझ्याकडून, काढून बघताना. तीन खुंट्यांवरच बसवलाय."

"माझ्या मशीनला हात लावताना मला विचारलंस?"

"दादाला विचारलं होतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं डोळे फोडून केलेल्या कामातून तिने ते मशीन घेतलं होतं. आणि परवानगी दिली कोणी, तर साधी फाइल उघडेना म्हणून तिला हाका मारणाऱ्या दादाने!

"जरा इकडे बघून बोला," ती दुकानदाराला म्हणाली. "मशीन माझं आहे. चार पॉइंट चारवर दिवसभर चालेल असा कूलर दाखवा. झाकण लावून."

आता त्याने नीट पाहिलं. एका पंख्याचा, करड्या रंगाचा, एकशे पंचावन्नचा कूलर काढला आणि शेजारच्या रॅमच्या पट्ट्यांना अडणार नाही हे आपणहून सांगितलं.

"दिसतो कसा तो, वहिनी," दीर कुरकुरला.

"कॅबिनेटच्या आत राहणार आहे. कुणाला दाखवायचाय?"

घरी येऊन तिने प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली आणि चारही स्क्रू स्वतः आवळले. स्पीड मूळ आकड्यावर आणला, सेटिंगला पासवर्ड घातला. फिल्म न अडखळता पूर्ण झाली आणि जेवायच्या आधी आर्किटेक्टकडे गेलीसुद्धा. राग मात्र तसूभर कमी झाला नव्हता.

ती वाढत असताना दीर तिच्या खोलीतून बाहेर आला. ती समोर उभी होती, तरी तो सवयीने भावालाच म्हणाला, "दादा, सेटिंग उघडत नाहीये. पासवर्ड काय आहे?"

"मला काय माहीत?" नवरा ताटातून मान वर न करता म्हणाला. "तिचं मशीन आहे, तिला विचार."

तिने पळी भांड्यात ठेवली.

"हे दीड महिन्यापूर्वी सांगायला तुझं काय जात होतं?"