आनंद झाला की आधी आर्गॉन

"निळं नको होऊस रे बाबा, आजच्या दिवस नको," प्योन सुन-रे बाटलीतल्या पाण्याला विनवत होती.

बाटलीत पातळ केलेलं आम्ल होतं, त्यात रंगाचे चार थेंब. अमोनिया आला की पिवळ्याचं निळं व्हायचं. एरवी ते निळं व्हावं म्हणून देव पाण्यात घालून बसणारी ही बाई आज उलटंच मागणं मागत होती.

कोरियातल्या देजॉनच्या त्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून ती तरुणपणी आली आणि तिथेच तिचे केस पांढरे झाले. नामगुंग सर हवेतून खत करायच्या मागे लागलेले. हवेतला नायट्रोजन महा हट्टी. कारखान्यात त्याला वठणीवर आणायला भट्टीची धग आणि प्रचंड दाब लागतो. सर म्हणायचे, "मारझोड कशाला? विजेच्या ठिणग्यांनी त्याला जरा चिडवायचं, मग उत्प्रेरकाच्या दाण्यांवर हायड्रोजनशी गाठ घालून द्यायची." काचेच्या नळीत जांभळा उजेड पेटायचा, आणि दोघं बाटलीकडे बघत बसायची. वर्षानुवर्षं आलं ते हिंगाएवढं.

या वसंतात मात्र नवे दाणे भरले आणि पाणी बघता बघता निळंशार झालं.

सरांचा एक नियम होता. आनंद झाला की आधी आर्गॉन. म्हणजे नायट्रोजन काढून त्या जागी आर्गॉन सोडायचा, जो कुणाच्या अध्यात ना मध्यात. नायट्रोजनच नाही म्हटल्यावर अमोनिया होणार कुठून? तरीही पाणी निळं झालं, तर समजायचं की अमोनिया भलतीकडून येतोय. हा नियम त्यांनी प्रत्येकाच्या डोक्यात हातोड्यानं ठोकला होता. पण त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना पोटातल्या गाठीचं सांगितलं होतं. सरांनी आर्गॉन लावला नाही. सुन-रेला आठवण होती, पण कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता. तिची जीभ रेटली नाही.

काल इस्पितळातून त्यांचाच फोन आला. "प्योनबाई, शोधनिबंध पाठवायच्या आधी आर्गॉन लावून बघा. आणि रंग मला येऊन सांगा."

पाणी निळं झालं.

दाणे ज्या क्षारापासून केले, त्यातच नायट्रेट होतं, म्हणजे नायट्रोजन आधीच दडलेला. ते धुऊन, तापवून काढायचं असतं. घाईत राहून गेलं होतं. कणगीतलंच धान्य सांडत होतं आणि ही माणसं नवं पीक आलं म्हणून नाचत होती.

इस्पितळाच्या व्हरांड्यात सरांची बायको पेजेचा डबा घेऊन उभी होती. सुन-रेला बघताच तिनं ओळखलं.

"तोंडावरूनच कळतंय तुमच्या. आत जाऊन चांगलं तेवढंच बोला."

"पण वहिनी, त्यांनी स्वतः—"

"सत्य-बित्य राहू दे तुमच्या बाटलीत. माझं माणूस हसत जाऊ दे, प्योनबाई. हात जोडते."

सुन-रेनं मान डोलावली. मनापासून डोलावली.

सर उशीला टेकून वाटच बघत होते. "रंग?"

"पिवळा, सर."

त्यांनी डोळे मिटले. सुन-रेला वाटलं, सुटले. पण त्यांनी परत उघडले.

"यंत्र आणलं तेव्हाचं आठवतं? पूजेला डुकराचं मुंडकं मांडलं होतं, तुम्ही माकॉली सांडलीत."

सांडली होती खरी ती तांदळाची दारू. त्या पूजेत सरांनी कपाळ जमिनीला टेकून यंत्राला म्हटलं होतं, तू आम्हाला फसवू नकोस, आम्ही तुला फसवणार नाही.

"मग?" सरांनी विचारलं. "फसवलं का त्यानं आपल्याला?"

माणसाशी खोटं बोलणं तिला जमलं होतं. यंत्राच्या नावावर खोटा रंग खपवणं जमेना. "नाही सर," ती म्हणाली, "यंत्रानं नाही फसवलं." आणि तिला रडूच फुटलं.

"म्हणजे निळा."

तिनं होकाराची मान हलवली.

"मुंडकं चढवायला विसरलो नाही आणि आर्गॉन विसरलो," सर म्हणाले. "विसरलो कसला? घाबरलो होतो हो. निबंध पाठवू नका. दाणे परत धुवा, नीट तापवा, परत लावा."

"हो सर."

पेज त्यांनी तोंडाला लावली नाही. व्हरांड्यात बायकोनं एवढंच विचारलं, "झालं समाधान?" आणि पाठ फिरवली.

त्याच आठवड्यात सर गेले. सुन-रेनं पांढरं शेवंतीचं फूल वाहिलं, तसबिरीपुढे डोकं टेकलं. वहिनींनी तिच्याकडे डोळे वर करून बघितलं नाही. अंत्यविधीला आलेल्यांना वाढलेलं तिखट सूप तसंच ठेवून ती उठली.

नंतर तिनं दाणे पाणी बदलून बदलून धुतले, सांगितल्यापेक्षा जास्त तापवले, नळीत भरले आणि नायट्रोजन सोडला. जांभळा उजेड पेटला. दुपार झाली तरी पाणी पिवळंच होतं. ऊन कलताना तिला त्यात हिरवट झाक दिसली. आधी खरं वाटेना, म्हणून तिनं बाटलीमागे कोरा कागद धरला. निळं नव्हतं, पण पिवळंही राहिलं नव्हतं.

तिला आनंद झाला. इतका, की सरांना सांगायला तिनं फोन हातात घेतला, आणि तो तसाच खाली ठेवला.

मग डोळे पुसून तिनं नायट्रोजन बंद केला आणि आर्गॉनच्या सिलिंडरला पाना लावला.