पाच बटणांचा वेळ

माझ्या काचेवर, सात आणि आठ यांच्यामध्ये, साधारण चार मिलिमीटर लांबीचा एक चरा आहे. सेकंदकाटा त्याखालून जाताना क्षणभर वाकल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो वाकत नाही.

मित्रांनो, मी एक जुनं स्टॉपवॉच आहे, चावीवर चालणारं. माझी उमेदीची वर्षं पुण्यातल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे एक प्रयोग असे. दोन रंगहीन द्रावणं एकत्र केली की बराच वेळ काहीच दिसत नाही, आणि मग एका क्षणात सगळं निळंशार होतं. तो क्षण पकडणं हे माझं काम. शुभदा तिथे शिकवायची. डिजिटल घड्याळं आली तेव्हा तिने मला मागून घेतलं.

पुढे तिच्या नवऱ्याला, पुष्करला, बॉबलिंगेनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि सामानातून मीही जर्मनीत आलो. सहा वर्षं स्वयंपाकघरातल्या खणात पडून होतो. त्या सहा वर्षांत शुभदालाही प्रयोगशाळा मिळाली नाही.

२००६ साली तिने पुन्हा शाळेत नाव घातलं. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना रोजच्या जगण्यात आधार कसा द्यावा, हे शिकवणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. आठवड्याचे तीन दिवस वर्ग, दोन दिवस आल्टेनहाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, काम.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, “एम.एस्सी. झालीस ती लोकांच्या आजोबांना सदरे घालायला?”

“हो आई,” शुभदा म्हणाली. “आणि ते जमत नाहीये मला.”

खरंच जमत नव्हतं. क्राउस नावाच्या आजोबांचा उजवा हात अर्धांगाने अधू झाला होता. ते सदऱ्याच्या पहिल्या बटणाशी झटत असताना शुभदाने पुढे होऊन पाचही बटणं लावून टाकली. पुण्याच्या घरी सासऱ्यांना पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलू न देणारी सून ती. तिला वाटलं, शाबासकी मिळेल. शिकवणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, “आज तुम्ही त्यांचं एक काम हिरावून घेतलंत.”

त्या संध्याकाळी तिने मला खणातून काढलं, पुसलं, चावी दिली. दुसऱ्या दिवसापासून ती आजोबांशेजारी मला मुठीत धरून, हात पाठीमागे बांधून उभी राहू लागली. पहिल्या दिवशी त्यांना पाच बटणांना अकरा मिनिटं चाळीस सेकंद लागले. तिच्या तळव्याचा घाम मला लागत होता. तिने वहीत आकडा लिहिला.

एकदा आजोबांनी मला पाहिलं. “मी काय अंडं आहे? किती मिनिटं उकडणार मला?”

“घट्ट होईपर्यंत,” शुभदा म्हणाली. आजोबा हसले आणि बटण निसटलं. पुन्हा पहिल्यापासून.

मार्चपर्यंत आम्ही सहा मिनिटं वीस सेकंदांवर आलो. मित्रांनो, मला चावी देता तशी माणसांनाही एक गोष्ट द्या. कुणाला वेळ लागत असेल, तर त्याच्या हातातलं काम ओढून घेऊ नका. शेजारी उभे राहा.

घरी मात्र एक काम अडून होतं. जूनमध्ये पुष्करची कंपनी त्याला पुण्याला परत पाठवणार होती. शुभदाचं दुसरं वर्ष तोवर सुरूही झालं नसतं. जानेवारीपासून तो विचारत होता आणि ती “बघू” म्हणत होती.

एका रविवारी जेवणं झाल्यावर त्याने पुन्हा विचारलं, “उद्या ऑफिसात सांगायचंय, शुभदा. तिघांची तिकिटं ना?”

शुभदाने ओठ उघडले आणि मिटले. त्यांच्या आठ वर्षांच्या ईप्सिताने टेबलावरून मला उचललं आणि माझी कळ दाबली. आई रोज संध्याकाळी मला चावी देऊन कळ दाबून बघायची, ते पाहून तिलाही ती सवयच लागली होती.

“म्हणजे तुला असंच म्हणायचंय ना, की कोर्स काय, तिकडेही...” पुष्कर नेहमीसारखं तिचं वाक्य पुरं करू लागला.

“बाबा, वार्टे,” ईप्सिता म्हणाली. थांबा.

तो थांबला. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी चालत राहिलो. काटा चऱ्याखालून एकदा गेला, दुसऱ्यांदा गेला.

“तू पुढे जा,” शुभदा म्हणाली. “ईप्सिता आणि मी पुढच्या वर्षी जुलैत येऊ. मी कोर्स पुरा करणार आहे.”