मंगळाच्या सरावाचा कागद

मंगळावर माणसं कशी राहतील, हे तपासायला बांधलेल्या बंद घरात आठ महिने काढायला रुपालीची निवड झाली होती. आईची सही घ्यायला ती देऊळघाटला आली. वच्छलाबाई वावरात मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

“तिथं हवा नाही, पाणी नाही. मानसानं काऊन जावं?” त्यांनी विचारलं.

“गेल्याबिगर कसं समजीन, आई? कोनीतरी गेलंच पाह्यजे.”

“मंग कोनीतरी जाऊ दे. तूच काऊन?”

रुपाली उठून बांधापर्यंत गेली, परत आली. मुलाखतीतली उत्तरं इथं खोटी वाटत होती.

“मले राहवत नाही, एवढंच.”

वच्छलाबाईंनी हात पुसून सही केली. “फोन तरी करता येईन?”

“नाही.”

सही मिळाली, तरी रुपालीला दिवसभर एका जागी बसवेना.