गोधडीतला सिलिंडर

मित्रांनो, दमलेल्याने फार बोलू नये. पण निघण्यापूर्वी एवढे सांगून जातो. मी गॅसचा एक जुना, लहान सिलिंडर आहे. पोलादाच्या दोन वाट्या जोडून कारखान्यात मला घडवले, पांढरा रंग दिला आणि अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यातल्या बटाट्याच्या मुलखात धाडले. तिथे डेल्फीनकाकूंचे चाकांवरचे घर आहे. चाके नावालाच, एकोणीस वर्षांत ते जागचे हललेले नाही.

मी आणि माझा जोडीदार घर गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यावर उभे असू. घर फिरते होते तेव्हा आम्ही पुरून उरायचो. ते मुक्कामी झाले आणि शेगडी, गरम पाणी, हिवाळाभर घर तापवणारी भट्टी, सगळे आमच्याच गळ्यात आले. काकू आम्हाला उचलून गावात नेत आणि भरून आणत. "चला रे माझ्या लेकरांनो," म्हणत. पुढे पुढे उचलताना त्यांनाही धाप लागू लागली.

या जानेवारीत फार कडक थंडी पडली आणि भट्टी मंदावली. काकूंची मुलगी ओडील शहरातून आली.

"आई, मोठी टाकी बसव, नाहीतर माझ्याकडे चल."

"कंपनीची टाकी घेतली की गॅसही तिचाच घ्यायचा. आणि तुझ्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी काय कबुतरं मोजू?"

आमच्याकडे थंडी वाढली की जे दिसेल ते झाकायची रीत आहे. बटाटे झाका, पंप झाका. काकूंनी आम्हालाही जुन्या गोधडीत गुंडाळले आणि वर बर्फ थापले. माया होती त्यात. पण माझ्या पोटातल्या पातळ गॅसची वाफ व्हायला बाहेरच्या हवेतलीच ऊब लागते. ती वाट बंद झाली. मी आणखी गारठलो. सकाळी भट्टी विझली. काकू कोट-टोपी घालून खाटेवर बसल्या आणि ओडील त्यांची बॅग भरू लागली.

तेवढ्यात तिने बोलावलेला गॅसवाला आर्मेल आला. आम्हाला पाहून तो हसतच सुटला.

"काकू, सिलिंडर आहे हा, बटाटा नव्हे! हवेतून ऊब घेतो बिचारा, तुम्ही दारच लावून घेतलंत!"

"असल्या हवेत कसली आलीय ऊब?"

"त्याला तेवढीही चालते. पण जीव लहान. भट्टीला लागेल एवढा गॅस या थंडीत त्याच्यातून सुटत नाही. मोठ्या टाकीचं अंग मोठं, ती पुरते."

काकूंनी टोपी कानांवर ओढली. मग म्हणाल्या, "टाकी माझ्या मालकीची हवी. भरायला मला वाटेल त्याला बोलवीन."

"घ्या की. पण मग देखभाल तुमची. झडपेवरचं बर्फ तुम्हीच काढायचं."

"मला बर्फ काढायला शिकवतोस? तुझ्या बापाच्या हातात पहिलं फावडं मी दिलं होतं!"

ओडील खुदकन हसली आणि बॅगेतले कपडे परत कपाटात ठेवू लागली.

आठवड्याभरात घरापासून थोडे दूर, सिमेंटच्या ठोकळ्यांवर मोठी टाकी बसली. माझ्या गळपट्टीवर कोरलेली मुदतीची तारीख केव्हाच उलटून गेली आहे, म्हणून आर्मेल मला घेऊन चालला आहे. तक्रार नाही, उभे राहून राहून कंटाळलोच होतो.

मित्रांनो, थकलेल्याची काळजी जरूर घ्या. पण त्याला काय हवे, ते आधी विचारा. मला सांगता येत नव्हते. तुमच्या घरातल्या माणसांना येते.